विषय: उलट्या दिशेने येणारे यात्रेकरू

कैलास परिक्रमेत समोरून येणारे तिबेटी 'वाट चुकलेले असावेत' असा अंदाज काही जण करतात, तो बरोबर नाही. ते बोन या तिबेटातल्या जुन्या धर्माचे. त्यांची प्रदक्षिणा घड्याळाच्या काट्यांच्या उलटच असते. बौद्ध तिबेटी धडधाकट असतील तर पहाटे अंधारात दारचेन या परिक्रमेच्या सुरुवातीच्या गावाहून निघून, डोल्मा ला खिंड (सुमारे ५,६३० मीटर) ओलांडून, जवळपास ५२ किलोमीटर एका दिवसात उरकतात. सोबत त्साम्पा (भाजलेल्या जवाचं पीठ) आणि चहाचा थर्मास, बस्स.

दंडवत घालत जाणाऱ्यांना मात्र दोन-तीन आठवडे लागतात. तळहातांना लाकडी फळ्या, पुढे जाड एप्रन. आडवं पडल्यावर हात पोचले तिथवरच चालायचं, तिथून पुढचा दंडवत. तेव्हा फोटोसाठी त्यांना थांबवू नका, वाटही अडवू नका. आणि २०२६ हे तिबेटी पंचांगातलं अश्ववर्ष, त्यात एका फेरीला तेरा फेऱ्यांचं पुण्य मानतात, त्यामुळे गर्दी असणार हे धरूनच चाला.