एक्यूआय हिरवा असला तरी...
आमच्या वाळूज या औद्योगिक भागाचा एक्यूआय (हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक) हिरवा, म्हणजे चांगला दिसतो, मग काळजी कसली, असं काही जण म्हणतात. धुळीपुरतं ठीक. पण त्या आकड्यात आठच प्रदूषकं धरतात. बेंझिन आणि बेंझो-ए-पायरिन ही विषारी रसायनं हवेच्या २००९च्या राष्ट्रीय मानकांत असूनही त्यात नाहीत. डायॉक्सिन हे अतिविषारी रसायन तर मानकांतही नाही. आमच्याकडे नाल्याकाठी रात्री तांब्यासाठी वायरी जाळतात, तो उग्र वास सकाळीही जात नाही. डायॉक्सिन तयार होतं ते अशाच पीव्हीसीच्या (वायरींवरच्या प्लॅस्टिकच्या) जळणातून. (आणि आपण बोट दाखवणार फक्त कंपन्यांकडे!)

डायॉक्सिनसाठी हवेचा नमुना घ्यायला विजेवरचं यंत्रच लागतं असंही नाही. स्टीलच्या दोन वाडग्यांमध्ये फोमची चकती दोन-तीन महिने टांगून ठेवतात, हवेतलं प्रदूषण ती शोषून घेते, वीज लागत नाही. खरा खर्च पुढच्या प्रयोगशाळेतल्या तपासणीचा. सोबत वरच्या थरातली मातीही घ्यावी. हवेतून पडलेलं तिथे वर्षानुवर्षं टिकतं.