नाशिकच्या हवेत नवनवे धागे जमवताना: काय घ्यावे, किती घ्यावे आणि कसे ठेवावे?

उलटसुलट (गंगापूर रोड, नाशिक)

नमस्कार. मी शाळेत असल्यापासून विणते. परंतु आमच्या घरी विणकाम म्हणजे मेन रोडवरच्या दुकानातून आणलेले अ‍ॅक्रिलिकचे गुंडे, दहा नंबरच्या सुया आणि कोणी बाळंत होणार असले की कुंची, टोपरे आणि मोजे, एवढ्यावरच सगळे थांबत असे. धागा निवडायचा तो रंगावरून. त्यापलीकडे त्यात निवडण्यासारखे काही असते हे कोणाच्या गावीही नव्हते. अलीकडे मात्र मला नव्या धाग्यांचे अक्षरशः वेड लागले आहे.

सुरुवात झाली ती मेघालयातून आलेल्या एरी रेशमाच्या एका लडीपासून. रेशीम म्हटले की आपल्यासमोर येवल्याची पैठणी येते. ही लडी हातात घेतली तर तिला झळाळी नाही, सळसळ नाही, रंग कोऱ्या मांजरपाटासारखा, आणि स्पर्श उबदार व किंचित गाठाळ. कारण नंतर वाचनात आले. एरंडाच्या पानांवर वाढणाऱ्या या किड्याचा कोष एका टोकाला उघडा असतो आणि पतंग त्यातून बाहेर पडू शकतो. त्यामुळे तुतीच्या रेशमासारखा सलग तंतू उलगडून घेता येत नाही, तर कापसासारखे सूत कातावे लागते. आठ नंबरच्या सुयांवर त्याचा हातभर तुकडा विणला आणि तेव्हापासून प्रत्येक धाग्याची अशी काहीतरी हकिगत असणार, या कुतूहलाने मी लड्या मागवू लागले. हिमाचलची हातकताईची लोकर आली, तिच्यात गवताची बारीक काडी अडकलेली होती आणि ओली केल्यावर मेंढीच्या अंगचा तेलकट वास येत होता. कच्छचा काळा कापूस आला, जो नावाने काळा असला तरी दिसायला पांढराच असतो. मेरिनो नावाच्या मेंढीची मऊ लोकर आली, बांबूचा धागा आला, मोहेर या केसाळ लोकरीचा एक ढगळ गुंडाही आला.

आता कपाटाचे दोन खण भरले आहेत आणि त्यातल्या बहुतेक गोष्टी एकेकच आहेत. आपल्याकडे खरी थंडी डिसेंबर-जानेवारीत, तीही पहाटे आणि रात्री. निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर उतरल्याची बातमी वाचून आपण स्वेटर काढतो आणि दुपारी बारा वाजता तो हातावर घेऊन हिंडतो. अशा हवेत यांतले कोणते धागे खरोखर अंगावर वापरता येतील, एका वेळी किती घ्यावेत, आणि पावसाळ्यात ते कसे सांभाळावेत, याबद्दल जाणकारांनी सविस्तर लिहावे. साठा विकून टाका, असा सल्ला कृपया देऊ नये. तो घरातून रोज मिळतो.

जुनी सुई

ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नापुरते लिहिते, कारण नाशिकच्या हवेचा विचार न करता केलेली खरेदी मी आजूबाजूला फार पाहते. परदेशी नमुन्यांत जाड धाग्याचे, वेण्यांचे भरगच्च स्वेटर असतात. ते पाहून आपण जाड लोकर घेतो आणि विणून झाल्यावर ते वस्त्र वर्षातून एखाद्या आठवड्यापुरते उपयोगी पडते. आपल्याला लागते ती बारीक, हलकी आणि हवा खेळती ठेवणारी वस्तू. १०० ग्रॅममध्ये ४०० मीटरच्या आसपास भरणारी बारीक मेरिनो घेतली, तर तिची बिनबाह्यांची बंडी किंवा शाल पहाटेच्या फेरफटक्याला पुरते आणि ऊन चढल्यावरही अंगाला नकोशी होत नाही. लोकरीचा तंतू स्वतःच्या वजनाच्या जवळपास एक तृतीयांश इतकी बाष्पे शोषूनही हाताला ओला लागत नाही; अ‍ॅक्रिलिक जवळजवळ काहीच शोषत नाही, म्हणून तेवढ्याच जाडीच्या अ‍ॅक्रिलिकच्या स्वेटरमध्ये दुपारी घाम फुटतो.

तुमचे एरी रेशीम ही मात्र नाशिकसाठी फार चांगली निवड आहे. ते थंडीत ऊब देते आणि फेब्रुवारीतही अंगावर चालते. त्याला एकच पथ्य आहे आणि ते कापसालाही लागू पडते: या धाग्यांना लोकरीसारखा लवचीकपणा नसतो. लोकरीचा तंतू मुळातच नागमोडी असतो, ताणला की परत आपल्या जागी येतो. रेशीम आणि कापूस ताणले की तिथेच राहतात. म्हणून एक सुलट एक उलट अशी पट्टी कापसात विणली, तर ती काही दिवसांतच सैल पडते, आणि कापसाचा लांब स्वेटर स्वतःच्याच वजनाने गुडघ्याकडे निघतो. या धाग्यांची शाल, सैलसर पोलके, जाळीचे विणकाम असे काहीतरी करावे आणि सुया नेहमीपेक्षा एक नंबर बारीक घ्याव्यात. बांबूचा धागा म्हणून जो विकला जातो तो बहुतेक वेळा व्हिस्कोज, म्हणजे बांबूच्या लगद्यापासून रसायने वापरून बनवलेला तंतू असतो. त्याचा लफ्फेदारपणा सुंदर असला तरी ओला झाल्यावर तो कमकुवत होतो, तेव्हा तो पिळू नये.

मोहेरबद्दल माझे मत थोडे कडक आहे. अंगोरा बकरीची ही लोकर एकट्याने विणण्यापेक्षा बारीक मेरिनोसोबत जोडीने धरून विणावी. पण तिचे टाके उसवणे हा मनस्ताप असतो, आणि तान्ह्या बाळाच्या वस्तूसाठी ती कधीही घेऊ नये, कारण सुटलेले केस नाकातोंडात जातात.

टाकेमोजणी

जुनी सुई यांच्याशी मी सहमत आहे. प्रश्न राहतो तो प्रमाणाचा. एकेक लडी घेण्याला पुष्कळ लोक नावे ठेवतात. माझे मत उलट आहे: अनोळखी धाग्याची एकच लडी घेणे हेच शहाणपणाचे आहे, फक्त ती घेतल्यावर विणली गेली पाहिजे. कपाटात पडलेल्या लडीने आपल्याला फक्त तिचा रंग कळतो. वीतभर चौकोन विणला, धुतला, सपाट पसरून वाळवला आणि मग पुन्हा मोजला, की तो धागा आटतो की सैलावतो, रंग सोडतो का, त्यावर गोळे धरतात का, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तो तुमच्या हाताला आवडतो का, हे सगळे समजते. माझ्याकडे एक जाड पुठ्ठ्याची वही आहे; तिच्या प्रत्येक पानावर असा एक चौकोन टाचलेला, बाजूला गुंड्यावरची चिठ्ठी, सुईचा नंबर, धुण्याआधीचे आणि धुतल्यानंतरचे माप. माझ्या मते खरा संग्रह तो आहे, आणि तो एका खणात मावतो.

धागा पसंत पडला आणि त्याचे वस्त्र करायचे ठरले, की मात्र हात आखडता घेऊ नये. गुंड्यांची संख्या मोजून खरेदी करू नये, मीटर मोजावेत, कारण ५० ग्रॅमच्या दोन वेगळ्या गुंड्यांत धाग्याची लांबी दुपटीनेही वेगळी असू शकते. आपल्याकडे ज्याला डीके म्हणतात तो मध्यम जाडीचा धागा १०० ग्रॅमला साधारण २०० ते २५० मीटर भरतो, आणि मोठ्या माणसाच्या पूर्ण बाह्यांच्या स्वेटरला मापाप्रमाणे ११०० ते १५०० मीटर लागतो. बारीक धाग्याच्या १०० ग्रॅममध्ये मोज्यांचा एक जोड किंवा लहान शाल बेतता येते, म्हणून ज्या धाग्याचे काय करायचे ते ठरलेले नाही, त्याचे तेवढेच घ्यावे. चिठ्ठीवर रंगाच्या क्रमांकाखेरीज रंगवणीच्या घाण्याचा म्हणजे लॉटचा क्रमांक असतो. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली दोन लॉट अगदी सारखे दिसतात आणि अंगणात उन्हात नेल्यावर एक बाही वेगळी दिसते. सर्व गुंडे एकाच लॉटचे घ्यावेत. हाताने रंगवलेल्या लड्यांत तर एकाच लॉटमध्येही फरक असतो. तिथे दोन लड्या लावून दर दोन ओळींनी आलटून पालटून विणल्या की फरक विरून जातो.

लडी गुंडाळून घेतल्याशिवाय विणायला बसू नका, हेही सांगून ठेवते. खुर्चीच्या पाठीवर चढवून सैल हाताने गुंडा करावा. करकचून गुंडाळलेली लोकर ताणलेल्या अवस्थेत विणली जाते आणि धुतल्यावर आटते.

माळरान

एवढ्या दूरदूरच्या लोकरी जमवताना आपल्या पायाखालची लोकर सगळ्यांच्याच नजरेतून सुटते, म्हणून हे थोडे लिहितो. आमच्याकडे मेंढरे होती. दख्खनी मेंढीचा संगमनेरी हा प्रकार नाशिक, अहिल्यानगर आणि पुण्याच्या भागात आढळतो, आणि धनगरांच्या घोंगड्या या दख्खनी लोकरीच्याच असतात. ही लोकर राठ असते, तिचा तंतू ३० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बराच वर जातो, आणि साधारण त्या जाडीपुढची टोके कातडीला टोचू लागतात. मेरिनो साधारण २४ मायक्रॉनच्या आत असल्यामुळे ती सहसा टोचत नाही. तेव्हा हिचे गळाबंद स्वेटर करू नयेत. परंतु बसकर, पिशवी, पायपुसणे, चहाच्या किटलीचे आवरण यांसाठी ती वर्षानुवर्षे टिकते, आणि न रंगवता मिळणारे काळे, करडे, तपकिरी रंग कोणत्याही रंगारखान्यात तयार होत नाहीत. कातलेले सूत दुकानात शोधू नका. घोंगडी विणणाऱ्या कारागिरांकडे विचारावे. तिथे ते वजनावर मिळू शकते. आणल्यावर कोमट पाण्यात न चोळता बुडवून ठेवावे, पाणी बदलत राहावे, आणि पहिल्या पाण्याचा रंग पाहून घाबरू नये.

कपाटातली हवा

साठवणीबद्दल. कसरीच्या, म्हणजे कपड्यांना लागणाऱ्या बारीक पतंगाच्या अळ्या केराटिन हे केसांतले प्रथिन खातात, म्हणजे लोकर, मोहेर, पश्मिना ही त्यांची खाद्ये. रेशीमही त्यांना चालते. नुसता कापूस, बांबू आणि अ‍ॅक्रिलिक यांना त्या सहसा तोंड लावत नाहीत, तेव्हा खण करताना रंगाप्रमाणे न लावता प्राणिज आणि इतर असे लावावेत. बाहेरून आलेली प्रत्येक हातकताईची लडी, विशेषतः ज्यात गवताच्या काड्या आहेत अशी, साठ्यात मिसळण्यापूर्वी प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत घालून उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवावी. बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नये, नाहीतर बाहेरच्या हवेतले पाणी लोकरीवर धरते.

डांबराच्या (नॅफ्थलीनच्या) गोळ्या मी सुचवणार नाही. बाळंतविड्याच्या वस्तूंजवळ तर त्या मुळीच ठेवू नयेत: ज्या बाळांत जी-६-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असते, त्यांच्या तांबड्या पेशी नॅफ्थलीनच्या संपर्काने फुटू शकतात, आणि ती कमतरता आधी माहीत असतेच असे नाही. कडुनिंबाचा पाला आणि लवंगा यांच्या वासाने पतंग कदाचित दूर राहतील, पण आत असलेली अळी मरत नाही. पावसाळ्यात घट्ट झाकणाचे डबे वापरावेत, आणि धागा त्यात कोरडा खडखडीत असतानाच जावा. दमट लडी डब्यात बंद केली तर बुरशी येते. श्रावणात ऊन पडले की खण उघडून सगळे एकदा हलवावे. कसरीला अंधार आणि शांतता लागते.

उलटसुलट

सर्वांचे मनापासून आभार. टाकेमोजणी यांची वहीची कल्पना मी उचलली आहे आणि मोहेर तूर्त बाजूला ठेवली आहे. माळरान दादा, करड्या सुताबद्दल आणखी विचारायचे आहे, ते स्वतंत्रपणे विचारीन. एक शंका राहिली. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून आलेल्या, पूर्ण मेरिनो म्हणून विकल्या गेलेल्या गुंड्यावर सुपरवॉश असे लिहिले आहे. हाताला तो इतका गुळगुळीत लागतो की मेरिनोच आहे का, याची खात्री वाटत नाही. हे घरी तपासता येते का?

टाकेमोजणी

तपासता येते. स्टीलच्या ताटलीवर, गॅसपासून दूर, चिमट्यात दोन बोटे लांबीचा धागा धरून काडीने पेटवावा. लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो, ज्योत दूर नेली की ती बहुधा आपोआप विझते, आणि उरलेली राख बोटांत चुरडली जाते. अ‍ॅक्रिलिक असेल तर ते वितळत जळते आणि काळा, टणक मणी मागे राहतो; तो गरम असताना हात लावू नये. मिश्र धाग्यात दोन्ही लक्षणे दिसतात. एरीचे रेशीमही केसासारख्याच वासाने जळते, म्हणून या चाचणीने लोकर आणि रेशीम यांच्यातला फरक सांगता येत नाही.

गुळगुळीतपणाचे कारण मात्र सुपरवॉश हेच असण्याचा संभव अधिक आहे. लोकरीच्या तंतूवर खवले असतात, ते एकमेकांत अडकून लोकर आटते आणि नमदा होतो. सुपरवॉशमध्ये बहुधा क्लोरिनची प्रक्रिया करून हे खवले बोथट करतात आणि वर राळेचा पातळ थर देतात. त्यामुळे वस्तू मशीनमध्ये धुता येते, पण टाके एकमेकांना धरून ठेवत नाहीत, आणि ओले झाल्यावर वस्त्र चांगलेच वाढते. तुमचा चौकोन धुऊन सपाट वाळवल्यानंतरच माप घ्या, टाके त्या मापावरून मोजा, आणि बंडीची लांबी ठरवताना दोन-तीन सेंटिमीटर कमीच धरा.