उभ्या अक्षाची पवनचक्की: तीन पाती की पाच?

मोहाडीचा बागायतदार
नमस्कार मंडळी. दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे. पावसाळ्यात सोलर ढेपाळतं, म्हणून पॅकिंग शेडवर उभ्या अक्षाची छोटी चक्की बसवली. रोटर दीड मीटर उंच, व्यास १.२ मीटर. पीव्हीसी पाइप उभा चिरून तीन पाती केली, प्रत्येक १५ सेंटिमीटर रुंद. आषाढातल्या वाऱ्यातही हाताने ढकलल्याशिवाय सुटत नाही, सुटली तरी रेंगाळते. शेजारी म्हणतात पाच पाती लाव. लावू का?

अंबडचा फिटर
दादा, पाच लावू नका. सुटायला सोपं जाईल हे खरं, पण चक्की कमी वेगावरच अडकेल. दुखणं पात्याच्या आकारात आहे.

चिरलेला पाइप म्हणजे नुसता वाकडा पत्रा. फ्रेंच इंजिनिअर जॉर्ज डॅरियसने १९२० च्या दशकात पेटंट घेतलेली ही जात लिफ्टवर, म्हणजे विमानाच्या पंखाला मिळते तशा उचलीवर चालते. पातं वाऱ्याच्या दुप्पट ते चौपट वेगाने धावलं तरच ती खरं काम करते. त्यासाठी नाक गोल, शेपूट धारदार आणि सगळ्यात जाड भाग नाकापासून साधारण ३० टक्क्यांवर हवा. एका फेरीत वारा पात्याच्या दोन्ही अंगांनी येतो, म्हणून आकार दोन्हीकडे सारखा ठेवा. नाका (NACA) ००१८ हा विमानाच्या पंखांसाठी ठरवलेला प्रमाण आकार घ्या: १५ सेंटिमीटर रुंदीला २७ मिलिमीटर जाडी. प्लायच्या फासळ्या, वर ॲल्युमिनियमचा पत्रा, रिव्हेट मागच्या कडेला. नाकावर एकही रिव्हेट नको, तिथली हवा बिघडली की सगळं बिघडतं.

आता पाती मधल्या दांड्याला धरणाऱ्या आडव्या पट्ट्या. ८ मीटर प्रतिसेकंद वाऱ्यात पातं तिप्पट वेगाने फिरलं, तर एक किलोचं पातं जवळपास शंभर किलोच्या जोराने बाहेर ओढलं जातं. पट्ट्या टोकांना लावल्या तर पातं मधोमध फुगतं. दोन्ही टोकांपासून ३१ सेंटिमीटर आत लावा, पातं वाकवणारा जोर सगळ्यात कमी येतो. वेल्डिंगवर मी भरवसा ठेवणार नाही. नट-बोल्ट, तोही नायलॉक, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला, सैल न होणारा नट.

मेकॅनिकल, तिसरं वर्ष
काका, मधे ड्रमचे दोन अर्धे लावून सॅव्होनियस, म्हणजे वाऱ्याच्या ढकलण्यावर फिरणारा रोटर, बसवला तर? तो मंद वाऱ्यातही आपोआप सुटतो.

अंबडचा फिटर
सुटतो, बाळा. पण त्याच्या कडेचा वेग वाऱ्याच्या वेगाइतकाच राहतो, त्यामुळे चक्कीने वेग घेतला की मधला ड्रम ब्रेकसारखा ओढतो. लावायचाच तर लहान लावा. दादा, त्याआधी जनरेटरच्या वायरी सोडवून दांडा बोटाने फिरवा. चुंबक अडकल्यासारखा खटखट लागला, तर नवी पातीही सुटणार नाहीत.

मोहाडीचा बागायतदार
खटखट लागतो, बराच. आणि वीज किती मिळेल?

अंबडचा फिटर
मग जनरेटर आधी बदला. विजेचं म्हणाल तर नाशिकच्या उंचीवर उन्हाळ्यात हवेची घनता १.०८ किलो प्रति घनमीटर धरा. तुमच्या रोटरसमोरचं क्षेत्रफळ १.८ चौरस मीटर. ४ मीटर प्रतिसेकंद वाऱ्यात एकूण ६२ वॅट. चांगली पाती त्यातला चौथा हिस्सा घेतील, म्हणजे पंधराएक. ५ मीटरला जवळपास दुप्पट, ८ मीटरला सव्वाशे. वीज वाऱ्याच्या वेगाच्या घनाने वाढते, म्हणून जागेला फार किंमत आहे. बागेच्या कडेला सिल्व्हर ओकची ओळ असेल तर चक्की तिच्या शेंड्यांच्या बरीच वर काढा, नाहीतर पातं कितीही सुरेख केलं तरी त्याला तुटक, भोवरेदार हवाच मिळेल. आणि शेडच्या पत्र्यावर नको, वेगळा खांब घाला. प्रत्येक फेरीत तीन धक्के बसतात, ते सगळे छपराच्या जोडांवर जातील.