मदत हवी आहे: लाईट आली की पीसी डीव्हीडीच्या मेनूवर अडकून बसतो

खानापूरचा वाचक:
नमस्कार मंडळी. जांबोटीकडच्या आमच्या वाचनालयात जुने पीसी आहेत, पेनड्राइव्हवरून बूट न होणारे. पोरं काही ना काही उडवून ठेवतात, म्हणून परत घालायला डेबियन १२ (लिनक्स) ची डीव्हीडी ड्राइव्हमध्येच असते. पावसाळ्यात इकडं लाईटचा भरवसा नाही. लाईट आली की मावशी बटण दाबतात, इन्स्टॉलचा मेनू येतो आणि पीसी तिथंच थांबतो. मावशी कीबोर्डला हात लावत नाहीत, ते बरंच म्हणा. बायोसमध्ये (पीसी चालू होतानाच्या सेटिंगात) हार्डडिस्क पहिली केली तरी लाईट गेली की सेटिंग उडतं.

वीस सेकंदांनी आपोआप हार्डडिस्कवरून चालू होईल अशी डिस्क करता येईल का? ग्रब.सीएफजीमध्ये (ग्रब या बूट मेनूची सेटिंग फाइल) टाइमआउट २० घालून डीव्हीडी लिहिली, काही फरक नाही.

निपाणीकर:
ग्रब तिथं वाचलाच जात नाही ओ, तो यूईएफआयवाल्या म्हणजे नव्या पद्धतीच्या मशीनसाठी. जुन्या बायोसवर आयसोलिनक्स हा दुसरा बूट मेनू चालतो. डीव्हीडीतल्या आयसोलिनक्स फोल्डरातली आयसोलिनक्स.सीएफजी उघडा. टाइमआउट ० दिसेल, म्हणजे कुणी की दाबेपर्यंत थांब. इथं आकडा सेकंदाच्या दहाव्या भागात असतो, तेव्हा २०० घाला. २० घातलं तर दोन सेकंदांत मेनू गायब! शेवटी ‘हार्डडिस्क’ नावाचं लेबल, त्याखाली लोकलबूट ०एक्स८० (म्हणजे पहिली हार्डडिस्क), आणि वर ऑनटाइमआउट हार्डडिस्क. आयएसओ (डीव्हीडीवर लिहायची फाइल) झोरिसो या प्रोग्रामनं बांधा, बूट_इमेज एनी रिप्ले हा पर्याय विसरू नका, नाहीतर डिस्क कदाचित बूट होणार नाही. आधी क्यूईएमयूत (पीसीतच नकली पीसी चालवणारा प्रोग्राम) चालवून बघा, डीव्हीडी फुकट घालवू नका.

शहापूरवाला:
ते सगळं ठीक, पण सेटिंग उडतं म्हणजे मदरबोर्डचा सेल संपलाय. तारीखपण मागं जाते काय? सीआर२०३२, घड्याळाच्या दुकानात मिळतो.

खानापूरचा वाचक:
जाते की! म्हणूनच ब्राउझर सारखा सर्टिफिकेटवरून कुरकुर करत होता. सेल आणतो. निपाणीकर, क्यूईएमयूत मेनूखाली आकडा उतरताना दिसला, धन्यवाद. पण डिस्कची तपासणी केली तर ती बदललेली फाइल चुकीची दाखवते.

निपाणीकर:
दाखवणारच, एमडी५सम.टीएक्सटीमध्ये जुन्या फाइलची तपासणीची बेरीज (चेकसम) आहे. बूटला त्याची अडचण नाही. एखाद्या मशीनवर ०एक्स८० चाललं नाही तर तिथं -१ घाला, मग बायोस यादीतल्या पुढच्या ड्राइव्हकडं जातो.