मदत हवी आहे: ढगाळ हवेत बुधाचं अधिक्रमण शाळेतल्या मुलांना कसं दाखवावं?

नमस्कार मंडळी,

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. प्रश्न १३ नोव्हेंबर २०३२ च्या बुध अधिक्रमणाचा आहे, म्हणजे बुध सूर्याच्या बिंबासमोरून ठिपक्यासारखा सरकत जातो त्याचा. अजून बराच अवकाश आहे हे मला कळतं. पण मागच्या वेळी पंधरा दिवस आधी तयारीला लागले आणि जे झालं ते अजून विसरता येत नाही, म्हणून या खेपेला लवकर विचारते आहे.

६ जून २०१२, शुक्राचं अधिक्रमण. आपल्याकडे सूर्य उगवला तोच शुक्राला बिंबावर घेऊन, आणि सव्वादहानंतर शुक्र बाहेर पडणार होता. हातात चार तास होते. शाळा सुरू व्हायची होती, तरी पहाटे पाचला ३७ मुलं सड्यावर, म्हणजे आमच्या उघड्या कातळपठारावर हजर. पाऊस नव्हता, पण मळभ असं की पूर्व कुठली हेही कळेना. सहा वाजले, सात वाजले, डबे संपले. साडेआठच्या सुमारास ढग पातळ झाले आणि सूर्याची फिकट पांढरी चकती दिसायला लागली, अगदी चंद्रासारखी. सौर चष्म्यातून मात्र नुसता काळोख. दुर्बिणीला फिल्टर होता, त्यातूनही काळोख. तेव्हा आमच्यातल्याच एका मोठ्या माणसाने, मुलांना काहीतरी दिसावं या कळकळीने, फिल्टर काढला. आठवीतली एक मुलगी आयपीसला डोळा लावायला वाकली आणि त्याच क्षणी सड्यावर ऊन पसरलं. मी तिला दंडाला धरून मागे ओढलं. आयपीसमधून आलेला कवडसा माझ्या मनगटावर पडला, त्याचा चटका बसला. तिच्या डोळ्याला काही झालं नाही. एवढ्यावर निभावलं.

फिल्टर परत चढवेपर्यंत उघडिपीतली दोन मिनिटं गेली. उरलेल्या वेळात बारा मुलांनी शुक्र पाहिला, मग पुन्हा सगळं झाकोळलं ते अकरापर्यंत. पंचवीस मुलं न बघता घरी गेली. शुक्राचं पुढचं अधिक्रमण डिसेंबर २११७ मध्ये आहे. त्यांना ते मी काही केल्या दाखवू शकत नाही.

९ मे २०१६ ला बुध मी पाहिला, पण एकटीने. शाळेला सुट्टी होती आणि दुपारी पावणेपाचला सुरू झालेलं अधिक्रमण सूर्य मावळेपर्यंतच दिसलं. ११ नोव्हेंबर २०१९ चं आपल्याकडे सूर्यास्तानंतर होतं. २०३२ चं मात्र पूर्ण दिसणार आहे: दुपारी १२:१० च्या आसपास सुरू, ४:४० च्या आसपास संपणार. वार शनिवार. माझ्या निवृत्तीच्या आदलं वर्ष आहे ते.

आता प्रश्न. आमच्याकडे ८० मिलिमीटर भिंगाची, ९०० मिलिमीटर फोकल लेंग्थची दुर्बीण आहे. पातळ ढगांतून फिल्टरने काही दिसत नाही, आणि फिल्टर काढायचा नाही हे तर मी शिकलेच. मग मधला मार्ग काय? चाळीस मुलांना पाच मिनिटांच्या उघडिपीत एवढासा बुध कसा दाखवायचा? आणि सड्यावरच थांबावं की घाट चढून देशावर जावं?

प्रतिसाद (पुणे)

ताई, त्या मुलीला वेळेवर मागे ओढलंत, फार मोठं काम केलंत. ढग म्हणजे फिल्टर नव्हे, कारण त्याची जाडी दर सेकंदाला बदलते. चकती डोळ्यांना सुसह्य वाटते तेव्हाच माणूस बेसावध असतो.

डोळ्याने बघायचा फिल्टर लाखातला एक भाग उजेड आत सोडतो. निव्वळ कॅमेऱ्यासाठी एक पातळ फिल्म मिळते, ती साधारण सहा हजारांतला एक सोडते, म्हणजे सोळा पट जास्त. ढगांत तिच्यातून छान दिसतं असं कुणीतरी तुम्हाला सांगेलच. पण दोन्ही फिल्म दिसायला सारख्याच असतात, मुलांच्या गडबडीत अदलाबदल होऊ शकते. शाळेत ती आणूच नका.

मधला मार्ग म्हणजे कॅमेरा. दुर्बिणीला तोच नेहमीचा फिल्टर, आयपीसच्या जागी साधा वेबकॅम, पुढे लॅपटॉप. ढग आला की एक्सपोजर वाढवायचं, गेला की कमी करायचं. डोळा दुर्बिणीजवळ जातच नाही. चाळीसजण एकदम बघतात.

आणखी दोन गोष्टी. मोठ्या नळीवरच्या छोट्या शोधक दुर्बिणीला टोपी घालून वर चिकटपट्टी मारा, नाहीतर कुणीतरी त्यातून डोकावतंच. फिल्टरलाही चिकटपट्टी हवी, सड्यावरचा वारा तुम्हाला सांगायला नको.

धागाकर्ती

दादा, धन्यवाद. वेबकॅमची कल्पना पटली. पण भर दुपारी उघड्या कातळावर लॅपटॉपच्या पडद्यावर काही दिसत नाही. आणि मनात एक आहे ते सांगते. मुलांनी पडद्यावर चित्रफीत पुष्कळ पाहिलेली असते. सूर्याचा स्वतःचा उजेड समोरच्या कागदावर पडलाय आणि त्यात बुधाची सावली नव्हे, बुधच आडवा आलाय, हे त्यांना कळावं असं फार वाटतं. प्रक्षेपणाने, म्हणजे दुर्बिणीतून कागदावर बिंब पाडून, जमेल का?

प्रतिसाद (सांगली)

बाई, जमेल, आणि तुमची दुर्बीण त्याला अगदी योग्य आहे. २० मिलिमीटरचा आयपीस लावून कागद त्याच्यामागे ३८ ते ४० सेंटिमीटरवर धरलात तर सूर्याचं बिंब साधारण १५ सेंटिमीटरचं पडेल. आता त्यात ग्रह केवढा ते बघा. शुक्र अधिक्रमणाच्या वेळी सूर्याच्या बत्तिसाव्या-तेहेतिसाव्या भागाएवढा असतो, म्हणजे या कागदावर मिरीचा दाणा. नोव्हेंबरातला बुध दहा विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग), सूर्याच्या सुमारे १९४ व्या भागाएवढा. कागदावर पाऊण मिलिमीटर. खसखशीचा दाणाच म्हणा. मुलांना आधी घरून एक मिरी आणि एक खसखस आणायला सांगा, काय शोधायचंय ते डोळ्यांत बसेल. नुसत्या सौर चष्म्यातून शुक्र दिसायचा, बुध दिसणार नाही, हेही आधीच सांगून ठेवा. सूचिछिद्राने, म्हणजे पुठ्ठ्याला सुईचं भोक पाडून, तर नाहीच नाही.

ढगांतली युक्ती अशी. कागद आयपीसच्या जवळ आणला की बिंब लहान होतं आणि उजळ होतं. बिंब निम्मं केलं की उजेड चौपट. म्हणून कागद सरकता ठेवा: पातळ ढग आला की जवळ, उघडीप झाली की लांब. मात्र जवळ आणल्यावर खसखस निम्मी होईल, तेव्हा कागद गुळगुळीत आणि पांढराशुभ्र हवा. चार्टपेपरच्या खरखरीत रेषांत बुध हरवतो. भोवती आतून काळा रंगवलेला खोका हवा, एक बाजू उघडी. नळी आणि कागद यांच्यामध्ये कुणाचंही डोकं जाऊ नये, त्यासाठी मोठा मुलगा राखणीला उभा करा.

प्रतिसाद (नाशिक)

जागेबद्दल. नोव्हेंबरात कोकणात बहुतेक उघडं असतं, म्हणून सडाच बरा असं मी म्हटलं असतं. पण २००९ चं फयान चक्रीवादळ आठवा. ११ नोव्हेंबरला किनाऱ्यावर आलं होतं. तेव्हा चार दिवस आधीपासून उपग्रहाची चित्रं बघा. अरबी समुद्रात काही शिजत असेल तर घाट चढून आटपाडी-सांगोल्याकडे जा. नुसते दुपारचे सुटे ढग असतील तर हलू नका. साडेचार तासांचं अधिक्रमण आहे, सुटे ढग फटी देतातच.

ल जांतीची गोष्ट वर्गात सांगता का? १७६१ चं शुक्र अधिक्रमण पाहायला हा फ्रेंच खगोलज्ञ पुद्दुचेरीला निघाला, पण ती इंग्रजांच्या ताब्यात गेली आणि अधिक्रमणाच्या दिवशी तो समुद्रात हेलकावणाऱ्या जहाजावर होता. पुढच्यासाठी आठ वर्षं इकडेच थांबला. आधी मनिलाला गेला, तिथून पुद्दुचेरीला आला, वेधशाळा उभारली. १७६९ च्या जूनमध्ये नेमक्या त्या सकाळी पुद्दुचेरीवर ढग, आणि मनिलाला स्वच्छ आकाश! एकाच जागेवर सगळं लावू नये, हे मी त्यातून घेतो. देशावरच्या एखाद्या शाळेशी आत्ताच जोडून घ्या. दोन्हीकडे दुर्बीण, दोन्हीकडे फोन. इकडे मळभ आलं तर तिकडचं चित्र तरी मुलांना मिळेल.

प्रतिसाद (ठाणे)

वरच्या सगळ्यांशी सहमत. एक भर घालतो. पॅरिसमध्ये ७ नोव्हेंबर १६३१ ला गासेंदी या फ्रेंच खगोलज्ञाने बुधाचं अधिक्रमण पाहिलं, कुणीही पाहिलेलं ते पहिलं. केप्लरने भाकीत केलं होतं, पण तोवर केप्लर हयात नव्हता. तेव्हाही हवा ढगाळ होती, आणि गासेंदीनेही तुमच्यासारखाच कागदावर बिंब पाडलं होतं. बुध इतका लहान निघाला की आधी त्याला तो सौरडागच वाटला. ठिपका भराभर सरकतोय हे लक्षात आल्यावर उलगडा झाला. तुमच्या मुलांचीही हीच गत होईल, म्हणून कागदावर आधीच वर्तुळ काढून ठेवा आणि प्रत्येक उघडिपीत ठिपक्याची जागा टिंब देऊन, शेजारी वेळ लिहून नोंदवा. सौरडाग वर्तुळात जवळपास तिथेच राहतो, त्याच्या कडेला करडी झालर असते. बुध काळाकुळकुळीत, गोल, आणि टिंबांची सरळ रेषा करत जाणारा. चार तासांत पाच उघडिपी मिळाल्या तरी रेषा तयार होते. ज्याला प्रत्यक्ष बघायला मिळालं नाही त्याच्याही हातात ती रेषा राहते.

गासेंदीने वेळ काढायला खालच्या खोलीत मदतनीस बसवला होता, पाय आपटला की त्याने सूर्याची उंची मोजायची. ऐन वेळी मदतनीस जागेवर नव्हता. घड्याळ बघायला एक विश्वासू मुलगी नेमा आणि तिला दुसरं काही काम देऊ नका.

प्रतिसाद (पुणे)

सरावासाठी सुचवतो: २ ऑगस्ट २०२७ ला दुपारनंतर आपल्याकडून खंडग्रास सूर्यग्रहण आहे. ऐन पावसाळा, म्हणजे ढग असणारच. तुम्हाला हवा तोच सराव.

धागाकर्ती

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. ठरवलं ते असं. प्रक्षेपण सड्यावर, सरकत्या कागदाचा खोका मुलांकडूनच बनवून घ्यायचा. वेबकॅम आणि लॅपटॉप वर्गात, खिडक्यांना काळं कापड लावून. सड्याच्या कडेपासून शाळा दोन मिनिटांवर आहे, मुलं आळीपाळीने फिरतील. सूर्य सुरुवातीला पंचावन्न अंशांवर असेल आणि शेवटी अठरा अंशांवर उतरेल, तेव्हा खोका तसा कलता ठेवावा लागेल. पश्चिमेला समुद्रच आहे, आड काही नाही. २०२७ च्या ग्रहणाला पहिला सराव. देशावरच्या एका शाळेत माझी डी.एड.ची मैत्रीण आहे, तिला काल फोन केला, ती तयार आहे.

त्या पंचवीसपैकी चारजण अजून गावातच आहेत, एकाची मुलगी तोवर आमच्याकडे पाचवीत येईल. त्यांनाही बोलावणार आहे.

एक शंका राहिली. आमच्याकडे २० मिलिमीटरचा प्लॉसल आयपीस आहे. प्रक्षेपणात चार तास चालेल का?

प्रतिसाद (सांगली)

प्लॉसल वापरू नका. त्यातली भिंगं एकमेकांना चिकटवलेली असतात, उष्णतेने तो जोड सुटतो. प्लास्टिकच्या नळीचाही नको. जुना हायगेन्स पद्धतीचा आयपीस हवा, त्यात चिकटवलेलं काही नसतं. तरीही दर पाच-सहा मिनिटांनी दुर्बीण सूर्यावरून बाजूला वळवून थंड होऊ द्या. माझ्याकडे २० मिलिमीटरचा एक जास्तीचा हायगेन्स पडून आहे, पाठवतो. तुमच्या दुर्बिणीची मागची नळी सव्वा इंची आहे की जुनी, इंचाहून जरा कमी असलेली? मोजून कळवा. पत्ता मात्र इथे लिहू नका, खाजगी निरोपातून पाठवा.