मदत हवी आहे: पार्किन्सनसाठी डीबीएस (मेंदूत तारा आणि छातीत बॅटरीचं यंत्र बसवून विजेचे हलके स्पंद देणारी शस्त्रक्रिया) केल्यावर दहा-पंधरा वर्षांनी काय टिकतं?

सातरस्ता:
वडील ६२ वर्षांचे, पार्किन्सनला १० वर्षं झाली. सिंडोपा (लेव्होडोपाची गोळी) दिवसातून सहा वेळा. गोळीचा असर अडीच तासांत उतरतो. असर असताना मान आणि हात वळवळतात. स्मरणशक्ती उत्तम. हल्ली वळताना तोल जातो. डॉक्टरांनी डीबीएस सुचवलंय. सोलापूरहून पुण्याला किंवा हैदराबादला जावं लागेल. पहिल्या वर्षाचे व्हिडिओ भरपूर सापडतात, त्यापुढचं कुणी सांगत नाही. फायदा किती टिकतो? इथे राहून देखभाल कशी करायची?

ऑनऑफ:
आधी एक सांगा: तोल गोळी उतरल्यावरच जातो, की असर पूर्ण असतानाही? सगळा निर्णय यावर फिरतो. गोळीनं जे सुधारतं तेच डीबीएसनं सुधारतं. कंप तेवढा अपवाद, तो गोळीला दाद देत नसला तरी कमी होऊ शकतो. गोळी चढलेली असतानाही तोल जात असेल, तर तो शस्त्रक्रियेनं सुधारेल ही आशा धरू नका.

फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या डॉक्टरांच्या गटानं २००३ मध्ये ४९ रुग्णांची पाच वर्षांची पाहणी छापली. गोळीविना हालचालींचे गुण शस्त्रक्रियेआधीपेक्षा ५४ टक्क्यांनी चांगले होते. त्याच काळात गोळी घेतलेली असतानाचं बोलणं, तोल आणि पाय अडकणं मात्र खालावलं. २०२१ मध्ये १५ वर्षांहून जास्त काळ झालेल्या ५१ रुग्णांचे निष्कर्ष आले: वळवळीचा वेळ ७५ टक्के कमी, ऑफ काळ (गोळीचा असर उतरलेला वेळ) सुमारे ५९ टक्के कमी, औषधं जवळपास निम्मी. पण हे इतकी वर्षं तपासणीला येऊ शकलेले रुग्ण आहेत. मधल्या काळात जे गेले किंवा अंथरुणाला खिळले, ते या आकड्यांत नाहीत. आजार आत पुढे सरकतच राहतो, डीबीएस तो थांबवत नाही.

फिजिओ_होटगीरोड:
देखभालीचं सांगते. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले तीन ते सहा महिने प्रोग्रामिंगचे, म्हणजे यंत्राचा करंट रुग्णाला जुळवून घेण्याचे, असतात. या काळात फेऱ्या बऱ्याच होतात, म्हणून हॉस्पिटल निवडताना 'प्रोग्रामिंग कोण करणार आणि ती व्यक्ती आठवड्यातून किती दिवस असते' हे आधी विचारा. सुरुवात साधारण १३० हर्ट्झवर (सेकंदाला १३० स्पंद) होते. पुढे चालताना पाय अडकू लागले तर काही रुग्णांना ६० हर्ट्झच्या आसपास बरं वाटतं. बोलणं अचानक अस्पष्ट झालं, तर आजार वाढला असं लगेच धरू नका. करंट आजूबाजूच्या तंतूंत पसरल्यानंही तसं होतं आणि ते सेटिंग बदलून सुधारू शकतं.

साधी बॅटरी तीन ते पाच वर्षं चालते, चार्जिंगची पंधरा किंवा जास्त. चार्जिंग घरच्यांना नियमित जमणार असेल तरच ती घ्या. बॅटरी पूर्ण संपू देऊ नका. अचानक बंद पडली तर रुग्ण काही तासांत ताठरतो, गिळता येत नाही, तापही चढू शकतो. आधी रिमोटवर यंत्र चालू आहे का पाहा, नसेल आणि चालूही होत नसेल तर तडक हॉस्पिटल.

आणि हे फाईलवर मोठ्या अक्षरात लिहा: डायथर्मी (विद्युतलहरींचा खोलवर शेक) नको. गुडघा-कंबरदुखीला फिजिओकडे याच प्रकारातली शॉर्टवेव्ह सर्रास लावतात. ती ऊर्जा तारेतून मेंदूतल्या टोकापर्यंत जाते आणि तिथल्या पेशी जळू शकतात. एमआरआयसाठी यंत्राचं मॉडेल कार्ड सोबत न्या. दुसऱ्या कुठल्याही शस्त्रक्रियेत मोनोपोलर कॉटरी (विजेनं कापणारं, रक्तस्राव थांबवणारं उपकरण) वापरण्याआधी सर्जनला यंत्राची कल्पना द्या.

सातरस्ता:
तोल ऑफमध्येच जास्त जातो. असर असताना किंचित. लेव्होडोपा चाचणीला (गोळीनं किती सुधारतं हे मोजायच्या) कसं न्यायचं?

ऑनऑफ:
मग चाचणी जरूर करा. आदल्या रात्रीपासून, निदान १२ तास, लेव्होडोपा बंद ठेवतात. रोपिनिरोल, प्रामिपेक्सोलसारख्या पार्किन्सनच्या इतर गोळ्या त्याआधीच थांबवाव्या लागतात. ते वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहून घ्या, स्वतः ठरवू नका. सकाळी उपाशीपोटी गुण मोजतात, मग नेहमीच्या सकाळच्या डोसच्या दीडपट औषध देऊन तासाभरानं पुन्हा. सुधारणा ३० टक्क्यांच्या वर हवी.

गोळीविना पहाटेची गाडी पकडायला लावू नका. आदल्या दिवशी औषध चालू असतानाच पोचा आणि हॉस्पिटलजवळ मुक्काम करा. दुसऱ्या मोजणीच्या वेळी उभं करून वळायला लावा आणि त्याचा व्हिडिओ घ्या. 'किंचित' म्हणजे किती, हे त्यात दिसेल. त्याच भेटीत स्मरण आणि मनःस्थितीची चाचणीही मागा, कारण शस्त्रक्रियेनंतर निरुत्साह किंवा नैराश्य येऊ शकतं आणि आधीची नोंद नसेल तर ते ओळखायला उशीर होतो.