कोसुथ काउंटी: निचऱ्याचा मुद्दा राहिला

अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या कोसुथ काउंटीबद्दल (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) बोलताना मका-सोयाबीन, आल्गोना शहर, राज्यातलं सर्वांत मोठं क्षेत्रफळ हे सगळं येतं. निचरा मात्र राहून जातो आणि तिथली शेती त्यावरच उभी आहे. हिमनदीने सपाट केलेली ही काळी, चिकण जमीन मुळात पाणथळ. म्हणून 3-4 फूट खोल, भोकं असलेले 4 इंची प्लास्टिक पाइप समांतर ओळींत गाडतात. उतार 100 फुटांना जेमतेम इंच-दीड इंच, त्यामुळे लेव्हल काटेकोर हवी. मधेच पाइप खचला की गाळ साचतो आणि ऐन पेरणीत, एप्रिलअखेरीस, नेमका तोच तुकडा ओला राहतो. याच पाइपांतून खतातल्या नायट्रोजनचं झालेलं नायट्रेट नदीत उतरतं. म्हणून पीक काढल्यावर, शरदात, अमोनिया (नायट्रोजनचं खत) द्यायचाच तर माती 50 अंश फॅरनहाइटखाली (10 अंश सेल्सियस) उतरून आणखी थंड होत असतानाच द्यावा. घाई केली तर उबदार मातीत त्याचं नायट्रेट होतं आणि वसंतातल्या पावसात ते वाहून गेलंच समजा.